बटनावर कोन हाय?

शालिकभाऊ कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. दाराची कडी असो, पाण्याचा पितळी गुंड असो, सायकलचं हँडल असो, एवढंच काय, कुणाच्या लेकराचा गाल असो. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. हळूच टेकवायची, एक श्वास सोडायचा आणि मग सरळ हात लावायचा. नव्या माणसाला काही उमगायचं नाही. कामरगावच्या एका काकूंनी तर मला बाजूला ओढून विचारलं होतं, "काय वं पुष्पा, हा मानूस माह्या नातवाची दृष्ट काढून राह्यला का लावून राह्यला?" मी म्हटलं, "काकू, तो करंट पाहून राह्यला." काकूंनी नातवाला उचललं आणि घरात जाऊन कडी लावली.

विजेला सोडलं तर शालिकभाऊ कशाला म्हणजे कशाला भीत नसत. कारंज्याच्या कोर्टात ते बेलिफ होते. समन्स घेऊन सायकलवर खेडोपाडी हिंडायचं, कुत्री अंगावर घ्यायची, शिव्या ऐकायच्या. एकदा आसेगावकडच्या वावरात एक जण कुऱ्हाड घेऊन धावून आला. शालिकभाऊंनी सायकल स्टँडवर लावली, कागद पुढे केला आणि म्हणाले, "कुऱ्हाड बाजूले ठेव. पयले सही कर, मंग मार. बिनासहीचा मेलो तं कागद वापस जाईन अन् उद्या दुसरा मानूस येईन. त्याले कायले हेलपाटा?" तो माणूस हसतच सुटला. सही केली, वर चहा पाजला. आणि हाच शूरवीर पावसाळी हवेत दिव्याचं बटन दाबायला शेजाऱ्याला हाक मारायचा! स्वतःच्या घरी त्यांनी वीज घेतलीच नव्हती. अख्ख्या गल्लीत लखलखाट आणि शालिकभाऊ इंगोल्यांच्या घरी कंदील.

आणि अशा माणसानं वाजवायचं काय? तर विजेवर चालणारा ऑर्गन. आता बोला!

हा ऑर्गन आमच्या घरचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा. गजूभाऊचा. आम्ही माळी, गावालगत आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि बाजारात न्यायचं, हा बापजाद्यांचा धंदा. पण गजूभाऊ नागपूरला कॉलेजात गेला आणि गिटार गळ्यात घालून परत आला. केस खांद्यापर्यंत, पँटच्या मोऱ्या झाडूसारख्या. बाबा म्हणाले, "पोट्टं शिकाले धाडलं होतं, बहुरूपी होऊन आलं." गजूभाऊनं गावातली चार टाळकी जमवली आणि रॉक बँड काढला. हा शब्द कारंज्यात आमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, लोक आम्हाला ऑर्केस्ट्राच म्हणत. बायकांच्या आवाजातली गाणी म्हणायला बाहेरची पोरगी मिळेना, म्हणून भावानं बहिणीला उभं केलं. ती मी. नागपुरात मोडलेल्या एका बँडचा लाल रंगाचा, चार बारीक पायांचा ऑर्गनही त्यानं आणला, पण तो वाजवणार कोण? तेव्हा कुणीतरी सांगितलं, कोर्टातले इंगोले बेलिफ आसेगावच्या विहारातल्या गायन पार्टीत पेटी वाजवतात, त्यांना विचारून पाहा.

शालिकभाऊ आले, ऑर्गनपुढे बसले आणि वाजवायला लागले. तेव्हा अजून उलटा हात नव्हता. ते काय वाजवत होते हे आम्हाला क्षणभर कळेना. चाल तर ओळखीची, अगदी अंगणातली, पण त्या लाल डब्यातून ती अशी लांबलचक, थरथरत निघत होती की अंगावर काटा यावा. मग मीच ओरडले, "अगं बाई! ही तर भुलाबाईची चाल!"

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. पोरी गाणी म्हणतात, मग झाकलेली खिरापत ओळखायची आणि खायची. शालिकभाऊंना ती सगळी गाणी यायची. मी चिडवलं, "तुम्ही काय पोरींमध्ये बसत होते का?" ते हसले. म्हणाले, "बसू कोन देनार, पुष्पाताई? आमच्या लहानपनी आमाले आवाराच्या आत येऊ देत नव्हते. मी पाटलाच्या भिंतीबाहेर उभा राहून आयके. खिरापत मातर वासावरून बराबर वळखो. पन सांगाची कोनाले?" असं काही ते अगदी साध्या आवाजात सांगून टाकायचे आणि पुढच्या चालीला लागायचे.

बँडमध्ये त्यांनी स्वतःसाठी एकच जागा मागून घेतली होती. कार्यक्रमाच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं आणि त्यांनी एकट्यानं भुलाबाईच्या शेवटच्या दिवशीची चाल वाजवायची. सासरी निघालेल्या पोरीची चाल ती. तिच्यात मध्येच एक सूर होता, तो ते धरून ठेवायचे. पोट्टे शिट्ट्या मारायचे, म्हातारे डोळे पुसायचे.

आता त्या गावाचं सांगते. रिठदच्या पुढचं गाव, नाव घेत नाही. त्या दिवशी शालिकभाऊंची बायको कौसल्यावहिनी पहिल्यांदाच नवऱ्याचं वाजवणं ऐकायला आल्या होत्या. नवी साडी, केसात अबोली. मी त्यांना पुढं बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "नाई वं माय, मले लाज वाटते. मी मांगूनच पायतो."

धूळ बसावी म्हणून गावकऱ्यांनी सगळ्या मैदानावर पाणी मारलं होतं. स्टेजला वीज द्यायची तर खांबावरची एकच तार चांगली होती. अशा वेळी आमच्याकडे सर्रास एक युक्ती करत. एक तार खांबावरून घ्यायची आणि दुसरी जमिनीत सोडायची. जमिनीत म्हणजे कुठे? तर हातपंपाला बांधायची. दुष्काळात जागोजाग बोअर मारले होते, त्यांचे पाइप खोल ओलीपर्यंत गेलेले, त्यामुळे दिवे झकास लागायचे. मात्र तेवढा वेळ पंपाला हात लावायचा नाही. गावातल्यांना ते माहीत असायचं. शिवाय पंपाभोवती बाभळीच्या काट्या टाकून ठेवत, म्हणजे कुणी जाऊ नये. पण बाहेरगावच्या बाईला हे कसं ठाऊक असणार? तिला वाटलं, ढोरांसाठी टाकल्या असतील काट्या.

दिवेलागणीला शालिकभाऊंची चाल सुरू झाली. आम्ही सगळे स्टेजवर गप्प उभे. तो लांब सूर त्यांनी धरला आणि मागून आरडाओरडा उठला. मोठा. लोक उभे राहिले, हात हलवायला लागले. स्टेजवरचे दिवे डोळ्यांवर, समोरचं काही दिसेना. शालिकभाऊ खूश झाले. त्यांना वाटलं, वन्स मोअर. त्यांनी तो सूर सोडलाच नाही, परत घोळवला, आणखी लांबवला. आणि तेवढा वेळ कौसल्यावहिनी पंपाच्या दांड्याला चिकटून होत्या.

एका म्हाताऱ्यानं डोक्याचा कोरडा पटका सोडून त्यांच्या कमरेत टाकला आणि मागं ओढलं, म्हणून त्या वाचल्या. कुणीतरी बांबूनं खांबावरची तार पाडली. सगळीकडे अंधार झाला, ऑर्गन बंद पडला आणि मगच आम्हाला लोक काय ओरडत होते ते कळलं. "बंद करा! बंद करा!"

वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची मिटली. सरळ हात लावला की करंट मूठ आवळून धरतो, हे शालिकभाऊंना तेव्हा कळलं आणि त्यांचा उलटा हात सुरू झाला. शालिकभाऊंनी ऑर्गनला हात लावणं सोडलं. समन्स वाटायचे, घरी यायचे, कंदील लावायचे. वहिनींना पंपाच्या आसपास फिरकू देत नसत, कोर्टात जायच्या आधी घरातलं सगळं पाणी स्वतः भरून ठेवायचे. मला एकदा म्हणाले, "पुष्पाताई, मले सपन पडते. लोक बोंबलून राह्यले अन् मी वाजवूनच राह्यलो. हात थांबतच नाई." मी नुसती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

दुसरं कुणी असतं तर त्या बाईनं ऑर्गनचं नावही काढू दिलं नसतं. वहिनींचं उलटंच. वर्ष उलटलं असेल. एक दिवस त्या मळ्यात आल्या, मेथीच्या वाफ्यात गजूभाऊपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा मानूस घरात मुका होऊन राह्यला. याले घेऊन जा. मी बसतो बटनावर."

तेव्हापासून हा रिवाज पडला. कार्यक्रम कुठंही असो, मेन बटनाजवळ लाकडी पाट टाकायचा आणि त्यावर वहिनींनी बसायचं. डावा हात बटनावर, नजर माणसांवर. शालिकभाऊ पायात टायरच्या चपला घालून येणार, ऑर्गनला उलटा हात लावणार आणि अंधाराकडे तोंड करून विचारणार, "बटनावर कोन हाय?"

"मी हाव."

मग पहिला सूर. मध्येच एखादं पोरगं जोरात खोकललं तरी यांचा हात थबकायचा आणि परत, "कोन हाय?" "मी हाव ना बावा, वाजवा तुमी!" लोकांना वाटायचं, गाण्यातलंच आहे. पुढं पुढं तर लोकही बायकोच्या आधी ओरडायचे, "मी हाव!" शालिकभाऊ तेव्हा वाजवत नसत. तोच आवाज यायला हवा. आणि ती एकट्याची चाल मात्र त्यांनी कार्यक्रमातून काढून टाकली. गजूभाऊनं आग्रह केला, पोट्ट्यांनी केला, कुणाच्या बापाचं ऐकलं नाही.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. त्याला गजूभाऊची गिटार आवडली नाही, माझा आवाज त्याच्या कानात शिरलाच नाही, आणि आवडला कोण? तर ऑर्गनवाला! म्हणाला, यांची एकट्याची रेकॉर्ड काढू. फक्त ऑर्गन, फक्त या खेड्यातल्या चाली. गजूभाऊचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस तो जेवला नाही नीट. पण माझा भाऊ मनानं मोठा, तिसऱ्या दिवशी स्वतःच शालिकभाऊंकडे गेला आणि म्हणाला, "जा तुमी. ऑर्गनबी घेऊन जा."

शालिकभाऊ काही जायला तयार होईनात. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "अहो, कुऱ्हाडीपुढं उभे राहता आणि मुंबईला काहून भेता?" ते म्हणाले, "मुंबईले नाई भेत. तिती ते शेवटची चाल मांगतीन. पन ताई, मले ते एकदा वाजवाची हाय. एकदाच. वाजवतानी कोनाले काई होऊन राह्यलं नाई, हे मले पक्कं माईत असन, अशी." एवढीच त्यांची इच्छा होती. नाव नको, फोटो नको. ती चाल एकदा शेवटपर्यंत जावी आणि कुणाला काही होऊ नये.

वहिनी येणार हे तर ठरलेलंच. "पन पुष्पाताई येईन तं," त्या म्हणाल्या, "मले त्या शहरात बोलाले कोनी नाई." म्हणून मीही गेले.

स्टुडिओ म्हणजे एक मोठी खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. दार लावलं की स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू यायचा. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे साहेब बसलेले. चांगला माणूस होता बिचारा. त्याला आधी समजेचना, बाई आत कशाला. मी समजावलं. तो म्हणाला, "इथं सगळं सुरक्षित आहे हो, काही होत नाही." शालिकभाऊ म्हणाले, "तितीबी असंच म्हनत होते, साहेब." मग त्यानं ऑर्गनची वायर भिंतीतल्या एका बटनावर घेतली आणि खाली स्टूल ठेवलं. पण वहिनींच्या बांगड्या वाजत होत्या. "बाई, बांगड्या काढाव्या लागतील." वहिनी ताडकन उठल्या. "बांगड्या नाई काढनार मी. आजच्या दिवशी तं नाईच." शेवटी माझा रुमाल आणि शालिकभाऊंचा गमछा घेऊन आम्ही त्यांची दोन्ही मनगटं बांधली. हात मोडलेल्या माणसासारख्या त्या स्टुलावर बसल्या आणि बटनावर बोटं ठेवली. मी खाली त्यांच्या पायाशी.

"बटनावर कोन हाय?"

"मी हाव."

पहिल्या तीन चाली झाल्या. छानच झाल्या. साहेब काचेतून मान डोलवत होते. मग शालिकभाऊंनी कपाळ पुसलं, ऑर्गनला परत उलटा हात लावला आणि ती चाल सुरू केली. इतक्या वर्षांनी. इथं कुठं आलाय हातपंप, इथं कुठं आलंय पाणी, हे मला कळत होतं, पण माझे डोळे आपोआप जमिनीवर ओल शोधत होते. शालिकभाऊंची मान खाली, खांदे ताठ. चाल चढत गेली. तो सूर आला. त्यांनी धरला.

आणि वहिनींनी बटन खाली केलं.

सूर एकदम तुटला नाही. थकलेल्या बैलासारखा आधी खाली बसला, मग विझला. खोलीत काही म्हणजे काही आवाज उरला नाही. शालिकभाऊ उठले ते पडता पडता, धावत आले. चेहरा पांढराफटक. वहिनींचे दोन्ही हात, तोंड, खांदे, सगळीकडे उलटा हात लावून पाहिला. "काय झालं वं? काय झालं तुले?"

"काई नाई झालं," वहिनी म्हणाल्या. "तुमी लय चांगलं वाजवून राह्यले होते."

"मंग बंद काहून केलं?"

"त्या दिशी मी इतपर्यंतच आयकलं होतं. याच्यापुढचं मले आयकू नाई आलं. मले वाटलं, आता होते."

शालिकभाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिले. मीही. एवढी वर्षं आम्ही सगळे समजत होतो, भित्रा तो, आणि ती वाघीण. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि जरा रागानंच म्हणाल्या, "पायता काय असे? मले का भेव लागत नाई? तुमच्यापक्षा जास्त लागते. म्हनून तं बटन धरून बसतो. ते हातात असलं का भेव उलसंक कमी होते."

भिंतीवरच्या भोंग्यातून साहेबांचा आवाज आला, "छान चाललं होतं हो! काही हरकत नाही, परत एकदा घेऊ."

शालिकभाऊ काचेकडे वळले. हात जोडले. "नाई साहेब. वन्स मोअर नाई. झालं गानं."

"अहो, पण ते अर्धंच..."

"तितलंच हाय ते."

काचेपलीकडच्या माणसानं पुष्कळ समजावलं. पण जो कुऱ्हाडीला बधला नाही तो त्याला काय बधणार? रेकॉर्ड तशीच निघाली. वर शालिकभाऊंचा फोटो, अंगात गजूभाऊचा कोट, आणि फोटोवाल्याच्या फ्लॅशच्या दिव्याला भ्यालेले मोठे मोठे डोळे. ती फारशी खपली नाही. ज्यांनी घेतली त्यातले काही दुकानदाराशी भांडले म्हणे, की शेवटचं गाणं खराब आहे, बदलून द्या.

त्यानंतर माझं लग्न ठरलं, दूर देशी. बँडही मोडत आला होता. निघण्याआधी भेटून यावं म्हणून एका दुपारी आसेगावला गेले. शालिकभाऊ तेव्हा रजा घेऊन गावच्या घरी आले होते. मला पाहून भल्ला आनंद झाला त्यांना. घरात वीज नव्हतीच, पण बॅटरीच्या सेलवर चालणारा रेकॉर्ड-प्लेयर होता. त्यालाही उलटा हात लावला त्यांनी! मी म्हटलं, "अहो, सेलमध्ये काय करंट असतो?" ते म्हणाले, "नसन ना. मी कोठी हाय म्हनतो?"

रेकॉर्ड लावली. आम्ही दोघं पाटावर बसून ऐकत होतो. वहिनी आत होत्या. पहिल्या चाली झाल्या, शेवटची लागली. तो सूर आला, खाली बसला, विझला. सुई नुसतीच खरखरत फिरायला लागली. शालिकभाऊंनी ती उचलली नाही. आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "बटनावर कोन हाय?"

हसतच म्हणाले. घरातला रोजचा खेळ असावा तो. पण उत्तर आलं नाही.

"कौसल्या?"

घरात सुईची खरखर तेवढी. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना मी पाहिलं. परत हाक नाही मारली त्यांनी. उठले आणि अनवाणी धावत सुटले, उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबले नाहीत. मीही मागं धावले. घरासमोरच्या पिंपळापलीकडे हातपंप होता. पाहुणीला चहा करायचा, तर ताजं पाणी हवं, म्हणून वहिनी स्वतःच कळशी घेऊन गेल्या होत्या. दांड्यावर दोन्ही हात, पायाखाली चिखल.

मी दारातच थांबले. शालिकभाऊ पंपाशी पोचले आणि उलटा हात लावला. दांड्याला, मग पंपाच्या अंगाला, मग वहिनींच्या गालाला. तो हात तिथंच राहिला. उन्हात, भर रस्त्यात, येणारे जाणारे पाहत होते, तरी राहिला.

"अवो, सोडा," वहिनी म्हणाल्या. "पाव्हनी बसली हाय घरात. मी हाव ना."

त्यांनी वहिनींना बाजूला केलं आणि स्वतः पंप हापसायला लागले. मी घरात येऊन सुई उचलली.